आधी बचत, मग खर्च

प्रश्न : आम्ही सिंगापूरमध्ये हौगांगला राहतो, कायम रहिवासी आहोत. दोन मुलं, एकाचाच पगार. पै-पै वाचवते, तरी महिनाअखेरीस काही उरत नाही. काटकसरीची सुरुवात कुठून करू?
— एक आई, हौगांग

उत्तर : उरेल ते वाचवायचं म्हटलं की सहसा काहीच उरत नाही. म्हणून पगार जमा होताच ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि बाकीच्यात घर चालवा. ‘सीपीएफ, म्हणजे सक्तीची बचत, कापला जातोच की,’ असं वाटेल. पूर्ण दर लागू असलेल्या, 55 वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारातून 20 टक्के तिथे जातात हे खरं. पण नोकरी गेली तर त्या पैशांतून किराणा भरता येत नाही. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असायलाच हवा.

2024 पासून जीएसटी 9 टक्के आहे आणि तो तांदूळ-डाळीलाही लागतो. तरीही भाजीत घासाघीस करून फारसं हाती लागत नाही; घरपोच मागवलेलं जेवण, शिकवण्या, सुटीतली विमानतिकिटं हे आकडे आधी तपासा. डाळी-पिठं महिन्यातून एकदा लिटल इंडियातून आणा. हौगांगहून एमआरटी थेट जाते. हौगांग मॉलमधल्या चेंग सान ग्रंथालयामुळे पुस्तकांचा खर्च वाचेल.

मुलांना उणं वाटेल, ही भीती रास्त आहे. पण उणेपणा न सांगता लादलेल्या नकारातून येतो. हिशेब त्यांच्यासमोर मांडा, काय सोडायचं ते त्यांनाही ठरवू द्या. एकट्या आईने केलेली काटकसर तिलाच थकवते. घराने मिळून केलेली टिकते.