अपत्यप्राप्ती : दुआ आणि दवा

पाळी अनियमित असलेल्या सुनेला ‘वांझ’ म्हणण्यापूर्वी थांबा. पीसीओएस हा संप्रेरकांचा बिघाड आहे. त्यात बीजांड वेळेवर बाहेर पडत नाही. जादा वजन 5 ते 10 टक्के घटल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. पुढे डॉक्टर बहुधा लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. इंजेक्शने व टेस्ट ट्यूब बेबी हे त्यानंतरचे उपाय. मात्र पतीची वीर्यतपासणी टाळून पत्नीलाच औषधे देत राहणे हा उघड अन्याय होय.

ह. ज़करिया (अ.) यांनी वृद्धापकाळीही अपत्यासाठी दुआ मागितली आणि प्रेषितांनी (स.) आजारावर उपचार करण्यास सांगितले. 1986 साली अम्मानच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने विवाहबंधनातील पती-पत्नींना गरजेपोटी टेस्ट ट्यूब उपचाराची मुभा दिली. तिसऱ्याचे वीर्य, बीजांड वा गर्भाशय मात्र निषिद्ध ठरवले.