बाबांचा मोतीबिंदू आणि लेझरचं पॅकेज

अगं, काल फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस, म्हणून सविस्तर लिहितेय. समोर तीन पॅकेजं ठेवून ‘वडिलांसाठी एवढंही नाही करणार?’ असं कुणी विचारलं की जीव वरखाली होणारच. हॉस्पिटलवाल्यांची तशी बोलायची पद्धतच असते. पैसे भरण्याआधी लेझर नेमकं काय करतं ते ऐक.

शेजारच्या काकू ‘माझं लेझरनं झालं’ सांगतात ना, त्यांचं बहुधा फेको झालेलं असणार. त्यात लेझर नसतंच. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक सुई आत जाते, अल्ट्रासाउंडनं थरथरत गढूळ भिंग फोडते आणि चुरा ओढून घेते. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली. आजही बहुतेक ठिकाणी हीच चालते.

खरं लेझर म्हणजे फेम्टोसेकंद. ते माणसाच्या मोतीबिंदूवर पहिल्यांदा वापरलं बुडापेस्टमध्ये, २००८ साली. डोळ्यावर एक कडं हलकेच चिकटवतात, स्क्रीनवर डोळ्याच्या आतला आडवा छेद दिसतो, डॉक्टर त्यावर रेघा आखतात आणि लेझर तेवढंच कापतं: बुबुळावरचा छेद, भिंगाच्या पापुद्र्यात साधारण पाच मिलिमीटरचा गोल, मग भिंगाचे तुकडे. पण पुढे चुरा ओढायला तीच सुई लागते आणि नवीन लेन्स डॉक्टरच बसवतात. गोल सुबक येतो, हे खरं. मात्र फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धतींची मोठी तुलना झाली, २०२० मध्ये निकाल आले, आणि रुग्णाच्या नजरेत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. डॉक्टरांनी बाबांच्याच डोळ्यातलं कारण दाखवलं तर जरूर घे. नाहीतर मला तरी तो खर्च पटत नाही.

आणि हो, बाबा प्रोस्टेटची गोळी घेतात ना, टॅमसुलोसिन? ते डॉक्टरांना आधीच सांग. त्या गोळीनं बाहुली नीट मोठी होत नाही, ऑपरेशनमध्ये मध्येच आकसते. लेझर तर बाहुली उघडी असेल तेवढ्याच वाटेनं आत जातं. गोळी परस्पर बंद करू नकोस हं. तिचा परिणाम नंतरही राहतो, त्यामुळे तसा उपयोगही नाही.

काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं तर ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणून घाबरू नका. लेन्समागच्या पापुद्र्यावर जाळी येते. तिथे मात्र लेझरच लागतं, याग नावाचं. टाके नाहीत, ॲडमिट होणं नाही, काही मिनिटांत मोकळे. नंतर डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं किंवा एकदम काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी दाखवायचं.

पॅकेजचा कागद मला व्हॉट्सॲप कर. लेन्स कोणती लिहिलीय ते आधी बघू. बाबांना सिलिंडरचा नंबर आहे, तो भरून काढणाऱ्या लेन्सवर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.