‘बोल ना’ म्हणजे दुखतंय

अगं, काल तुझा फोन झाला आणि रात्रभर माझा डोळा लागला नाही. ‘ताई, ‘कारा’कडून दत्तकासाठी मुलीचा फोटो आलाय, तीन वर्षांची आहे, पायांना सेरेब्रल पाल्सी आहे, आम्ही हो म्हणतोय,’ एवढं बोलून तू रडायलाच लागलीस. मग मीही रडले, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज लिहायला बसले.

२०११ मध्ये आम्ही आमच्या लेकाला रशियातून बाल्टिमोरला घरी आणलं तेव्हा तुझं लग्नही झालं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी तो निळ्या कोटातला हसरा फोटो पाहिलात. फोटोत नव्हतं ते आता ऐक.

मॉस्कोपासून रात्रभर रेल्वेनं जायचं, अशा एका गावातल्या ‘दोम रेब्योंका’त, म्हणजे अगदी लहान मुलांच्या आश्रमात तो होता. चार वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. तिथे तेव्हा ही चारची रेघ फार मोठी होती. ती ओलांडली की धडधाकट मुलं बालगृहात जायची, आणि फाइलवर अपंगत्वाचा मोठा शिक्का असलेली बऱ्याचदा ‘इंतेर्नात’ नावाच्या वेगळ्या संस्थेत. तिथून घरी जाणारी थोडीच. त्याच्या फाइलवर ‘देत्सेपे’ लिहिलं होतं, म्हणजे आपलं सीपी. वर मेंदूच्या विकाराचं एक लांबलचक नाव. माझे तर हातपायच गळाले. नंतर कळलं, ते नाव तिथल्या आश्रमातल्या जवळपास प्रत्येक मुलाच्या कागदावर असायचं! म्हणून सांगते, फाइल आपल्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञाला नीट वाचायला दे, पण मुलीला मांडीवर घेऊन तूही बघ. फाइलला सगळं माहीत नसतं.

आता खरी गोष्ट. घरी येऊन चौथा दिवस. सासूबाई मुद्दाम नाशिकहून आल्या होत्या. पोरगं सोफ्यावर बसून एकसारखं म्हणत होतं, ‘बोल्ना, बोल्ना.’ सासूबाईंना कोण आनंद! ‘अगं, मराठी बोलतोय बघ! बोल ना म्हणतोय आजीला!’ आणि त्या बोलत सुटल्या. चिऊ झाली, काऊ झाला, नाशिकचा वाडा झाला. तो आपला रडवेला होऊन ‘बोल्ना’च. अर्ध्या तासानं त्याच्या पायातला स्प्लिंट काढला, तर घोट्यावर लालभडक वळ. रशियनमध्ये ‘बोल्ना’ म्हणजे ‘दुखतंय’. मी तो शब्द पाठ केलेला होता गं, वहीत लिहून ठेवला होता. पण आपल्याला हवं तेच ऐकू येतं.

स्प्लिंटचं तेवढं लक्षात ठेव. नवीन असला की काढल्यावर दर वेळी पाय नीट बघायचा. वीस-पंचवीस मिनिटांत लाली गेली नाही, तर तो घट्ट होतोय, सरळ बनवून घेतला तिथे परत न्यायचा. मूल सांगेल याची वाट बघायची नाही. रडूनही कुणी येत नाही हे कळलेली मुलं रडायचं सोडून देतात. आमचा रात्री रडायचाच नाही. पाळण्यासारखा स्वतःच स्वतःला झुलवत झोपायचा. लोक म्हणायचे, ‘किती शहाणं बाळ!’ माझ्या पोटात कालवायचं. सहा महिन्यांनी एका रात्री त्यानं भोकाड पसरलं आणि मी देवापुढे साखर ठेवली.

खाण्याचंही तसंच. उशीखाली पावाचे तुकडे सापडायचे. मी आधी रागावले, ती माझी चूक. मग एक डबा त्याच्या हाताशी ठेवला, कधीही उघड, कधीही खा. तो रिकामा राहू दिला नाही. आठ-दहा महिन्यांत उशीखालचा पाव आपोआप बंद झाला. पहिले काही दिवस तो फक्त ‘मान्का’ खायचा. मान्का म्हणजे काय, तर दुधातली रव्याची लापशी! घरात रवा होताच. तुझी मुलगी तिथे रोज काय खाते ते विचारून ये, आणि पहिला महिना तेच कर. पुरणपोळी कुठे पळून जात नाही.

आता नातेवाईक. सगळे येतील, पेढे आणतील, कडेवर घ्यायला हात पुढे करतील. ओवाळू दे, पण कडेवर नको. पहिले काही महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं फक्त तुम्ही दोघांनी करायचं. पाळीपाळीनं बदलणाऱ्या मावश्यांच्या हातात वाढलेल्या पोराला आई म्हणजे नेमकी कोण हे शिकायचं असतं. आमचा तर दुकानातल्या कुठल्याही बाईकडे हात पसरायचा. आणि कुणी ‘केवढं पुण्य केलंत’ म्हणालं, तर तिथेच थांबव. उद्या तुझी मुलगी ते ऐकेल, आणि आयुष्यभर उपकार फेडत बसेल.

नावाचंही सांगते. त्याचं नाव आम्ही बदललं नाही. तेवढंच तर तो सोबत घेऊन आला होता. सासूबाई लाडानं ‘सोन्या’ म्हणायच्या तर हा भडकायचा, कारण रशियात सोन्या मुलीचं नाव!

आणि हे फक्त तुला. मला पान्हा फुटला नाही. तिसऱ्या महिन्यात बाथरूमची कडी लावून मी नळ सोडून रडले, की हे परकं पोर मी का आणलं? माया आली ती रोजच्या करण्यातून, स्प्लिंटचे पट्टे लावता लावता. तुझंही तसं झालं तर लाजू नकोस, मला फोन कर.

२८ डिसेंबर २०१२ ला रशियानं अमेरिकनांना मुलं दत्तक देणं बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली. १ जानेवारीपासून दार मिटलं. ज्यांनी आपल्या होणाऱ्या आईबाबांना भेटून मिठी मारली होती, अशीही मुलं मागे राहिली. त्या वर्षी माझ्या मनात एकच हिशेब चालायचा, दीड वर्ष उशीर केला असता तर? लेक तात्याना मॅकफॅडनचा भक्त आहे, तीही रशियातल्या आश्रमातूनच आलेली. सेंट पीटर्सबर्गच्या आश्रमात व्हीलचेअर नव्हती म्हणून ती हातांवर चालायची. सहाव्या वर्षी अमेरिकेत आली, आणि २०१३ मध्ये बोस्टन, लंडन, शिकागो, न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन व्हीलचेअरवर जिंकली. पण तुझ्या मुलीकडून पदकं मागू नकोस हं. जिना स्वतः उतरली तरी घरात सण कर.

लेक आता अठराचा झालाय. रशियन सगळं विसरला. एक शब्द मात्र घरात राहिला. सासूबाईंचे गुडघे धरले की त्या व्हिडिओ कॉलवर नातवाला म्हणतात, ‘बोल ना रे, बोल ना!’

उद्या संस्थेत जाशील तेव्हा कागद, सह्या सगळं होईलच. त्याआधी तिथल्या मावशींना बाजूला घेऊन एवढंच विचार, तिला दुखलं की ती काय म्हणते? ‘काहीच म्हणत नाही’ म्हणाल्या, तर तेही लिहून घे.

तुझी ताई