दिवाळं काढायचं तर कायद्यानं काढा!

मेसचं बिल थकलं की आपण सहज म्हणतो, "याचं दिवाळं निघालं!" पण मित्रांनो, कायद्यातलं दिवाळं वेगळं. तिथे कर्जदार स्वतः कोर्टात अर्ज करतो, जे आहे ते देतो आणि उरलेल्या कर्जातून मोकळा होऊ शकतो. याला नादारी म्हणतात. (मी कॉन्व्हेंटवाला, हा शब्द मला यंदाच कळला.)

आमचं म्हसवड माण तालुक्यात, म्हणजे दुष्काळ आणि कर्ज दोन्ही घरचेच. १८७५ साली सुप्यापासून पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले केले. त्यांना हवे होते कर्जरोखे. ते हिसकावून जाळले. मग १८७९ मध्ये सरकारने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा केला. रोख्यावरचा आकडा काहीही असो, कोर्टाने पहिल्यापासूनचा हिशोब तपासायचा. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि पन्नास रुपयांवर कर्ज असेल तर त्याने नादारीचा अर्ज करावा. जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या मानाने हे फारच पुढचं वाटतं ना?

पुढे १९२० चा नादारी कायदा आला. मग २०१६ ची संहिता. तिच्यात लहान कर्जदारांसाठी 'नवी सुरुवात' असं प्रकरण आहे. अर्ज स्वीकारला गेला की १८० दिवस वसुली थांबते, नंतर कर्ज माफ. पण अटी बघा: वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, आणि स्वतःचं घर नको. आमच्याकडे कर्जबाजारी माणसाचंही दोन खणांचं घर असतंच. म्हणजे तो बाद! थोडी जिरायत जमीन असली तरी बाद.

बरं, हे प्रकरणही सामान्य माणसाला अजून लागूच झालेलं नाही. १ डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींसाठीचा भाग सुरू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांनी जिल्हा कोर्टात १९२० चाच कायदा धरायचा.

आणि एक गंमत आपल्यासाठी. 'नवी सुरुवात' उद्या लागू झाली तरी त्यातून काही देणी वगळली आहेत: कोर्टाचा दंड, पोटगी, आणि शैक्षणिक कर्ज. आमच्या विंगमध्ये निम्म्या खोल्या त्याच कर्जावर चालतात.