शाळेची कामं कुणाच्या अंगावर?

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवावं का, हे विचारायला येणारे आईबाप बहुधा एकाच प्रश्नाने सुरुवात करतात : "आम्हाला गणित-विज्ञान शिकवायला जमेल का?" मी सांगते, ती काळजी सगळ्यात शेवटी करा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. एकट्या मुलाला घेऊन बसलं तर सहावी-सातवीचा अभ्यास सकाळच्या दोन-अडीच तासांत उरकतो. हजेरी, वह्या तपासणं, मुलांना गप्प बसवणं यात वर्गातला जो वेळ जातो, तो घरी वाचतोच. अवघड आहे ते बाकीचं. शिकवण्याखेरीज शाळा कितीतरी कामं मुकाट्याने करत असते. नाव काढलं की ती सगळी घरावर येऊन पडतात, आणि घर म्हणजे नेमकं कोण, हे बहुतेकांनी आधी ठरवलेलं नसतं.

आमच्या मुलाला आम्ही पाचवीनंतर काढलं आणि आठवीला तो पुन्हा शाळेत गेला. मधल्या काळाबद्दल मला हळहळ वाटत नाही. पण कुणी 'शाळा म्हणजे कोंडवाडा' म्हणायला लागलं की मी लगेच मानही डोलावत नाही.

आधी मिळालं काय ते सांगते. पुण्यात पहाटे उठून स्कूलबस गाठणारं, दुपारी उशिरा येऊन क्लासला पळणारं आणि रात्री गृहपाठावर पेंगणारं पोर पोटभर झोपायला लागलं. प्रश्न विचारायला लागलं. फलटणजवळ आमची थोडी शेती आहे. तिथे आजोबांबरोबर राहून त्याने ज्वारीचं एक पीक पेरणीपासून मळणीपर्यंत पाहिलं. कोळपणी केली, पाखरं राखली, हुरडा खाल्ला आणि कडब्याचा शेकड्याचा भाव धरून आजोबांचा हिशेबही मांडला. शेकडेवारी त्याला मला शिकवावी लागली नाही. पुस्तकं ढीगभर वाचली. सायकल सुटी करून पुन्हा जोडता येऊ लागली. एवढा सलग, आपला असा वेळ शाळेत जाणाऱ्या मुलाला मिळत नाही, हे मान्यच करायला हवं.

आता कागदपत्रं. याबद्दल लोक एक तर घाबरतात किंवा अगदीच बेफिकीर असतात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा काय, हे मात्र कायद्यात कुठेच नाही. घरी शिकवायला स्पष्ट परवानगी नाही आणि शिक्षाही नाही, अशा मधल्या जागेत तुम्ही उभे असता. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आमच्याकडेही एक शिक्षिका वही घेऊन आल्या होत्या. त्यांच्या तक्त्यात आमच्यासारख्यांसाठी रकानाच नव्हता. चहा घेऊन, मुलाशी बोलून, त्याच्या वह्या पाहून त्या गेल्या. मूल रोज काय शिकतं याची तारीखवार वही ठेवा, ती अशा वेळी उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट : चार-पाच घरांनी मिळून, जागा भाड्याने घेऊन, मास्तर ठेवून वर्ग चालवायचा मोह होतो. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला याच कायद्याच्या अठराव्या कलमात एक लाखापर्यंत दंड आहे. एकत्र खेळा, सहली काढा, पण फी घेऊन वर्ग भरवण्याआधी वकिलाला विचारा.

पाचवी होईपर्यंत थांबा, हा सल्ला आम्हाला शाळेतल्या क्लार्कबाईंनी दिला होता. पुढे त्याचं मोल कळलं. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण, ही अट आहे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा नेमून दिलेल्या शाळेत होतात. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. तिथेही दहावीला चौदा वर्षांची अट आहे. पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एक-एक, दोन-दोन विषय सुटे देता येतात. तिसरीच्या, पाचवीच्या आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षाही त्यांच्याकडे आहेत. दाखला काढताना जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आणि जात यांच्या नोंदी नीट वाचून घ्या. पुढे जात पडताळणीच्या वेळी याच कागदावर बोट ठेवलं जातं.

मुंबईची एक मुलगी शाळा सोडून घरी शिकली आणि २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. ही बातमी मला प्रत्येक जण ऐकवतो. तिच्याकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची पदकं होती. आणि बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं. बातमीतला हा भाग कुणी ऐकवत नाही.

तिसरी गोष्ट सोबतीची. आम्हाला वाटलं होतं, सोसायटीत एवढी मुलं आहेत, सोबतीची काय चिंता? पण दुपारी अख्खी सोसायटी ओस असते. संध्याकाळी मुलं खाली येतात ती क्लास आटोपून, आणि त्यांच्या गप्पा शाळेच्याच. कुठल्या सरांनी काय केलं, गॅदरिंगला कुठलं गाणं, सहल कुठे. आमचा मुलगा त्यात नुसता ऐकायला असे. तो पोहण्यात चांगला होता. पण शालेय क्रीडा स्पर्धांत उतरायचं तर शाळेचं बोनाफाईड लागतं. क्लबच्या स्पर्धा खेळला, पण शाळेचं नाव छातीवर लावून उतरणाऱ्या मुलांकडे तो कसा बघायचा ते मी पाहिलंय. म्हणून सांगते, नाव काढण्याआधी रोज ठरलेल्या वेळी भेटणारी मुलं पक्की करा. तालीम, तबल्याचा क्लास, ट्रेकचा ग्रुप, काहीही चालेल. महिन्यातून एकदा होणाऱ्या भेटीतून दोस्ती होत नाही. आणि त्या दोस्तीत भांडणंही व्हायला हवीत. घरात एकट्या मुलाशी भांडायला कोणी नसतं, सगळे त्याचं ऐकतात किंवा त्याला ऐकवतात.

आता सगळ्यात नाजूक भाग. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन आईला सांगतं. इथे रागावणारी आईच असेल तर त्याने जायचं कुणाकडे? आमच्या घरात अपूर्णांकांवरून सुरू झालेलं भांडण जेवणाच्या ताटापर्यंत यायचं. यावर उपाय एकच सापडला : एक तरी विषय घराबाहेरच्या माणसाने शिकवावा. शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे गणित सोपवलं आणि मायलेक पुन्हा एकमेकांशी धड बोलू लागलो.

आणि 'आम्ही दोघं मिळून शिकवू' हे वाक्य प्रत्येक घरात म्हटलं जातं. त्यातला एक जण रविवारी शिकवतो. उरलेले दिवस, दुपारचं जेवण, ने-आण, नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरं आणि 'याचं पुढे काय होणार' ही रात्रीची धास्ती दुसरीच्या वाट्याला येते. मी पूर्णवेळचं काम सोडून घरून अर्धवेळ काम घेतलं. पगार घटला, तो घरखर्चाच्या वहीत दिसतो. बढती गेली, ती कुठल्याच वहीत दिसत नाही. हे सोसायचंच नाही असं नाही, पण डोळे उघडे ठेवून सोसावं.

काहींना मी सरळ नको म्हणते. एखाद्या शिक्षकाचा जाच असेल किंवा मुलं छळत असतील, तर आधी तुकडी बदला, शाळा बदला. मूल अक्षरं उलटी लिहीत असेल, वाचताना अडखळत असेल तर आधी तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं निदान होतं, आणि ते प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. कित्येकदा तेवढ्याने शाळा सुसह्य होते.

परतीची वाटही आधीच बघून ठेवा. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो, पण हा हक्क चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलांचा आहे. त्यामुळे सातवीच्या आसपास एकदा नीट बसून विचार करा, आणि त्यात मुलाचं मत धरा. आमच्याकडे परतायचं त्यानेच ठरवलं, त्याला संघात खेळायचं होतं. अभ्यासात तो मागे नव्हता. तीन तास सलग लिहायची सवय मात्र हाताला नव्हती, आणि पहिली परीक्षा त्यापायी अर्धवट राहिली. घरी शिकवत असाल तर रोज एक पान घड्याळ लावून लिहायला लावा.

आणि सगळ्यात आधी एक कागद घ्या. शाळा जे जे करते ते एकाखाली एक लिहा : शिकवणं, सोबत, खेळ, दुपारचं लक्ष, शिस्त, परीक्षा, दाखले, बाहेरच्या जगाला द्यायची उत्तरं. प्रत्येक ओळीपुढे करणाऱ्याचं नाव घाला. वेगवेगळी नावं येत असतील तर पुढे जायला हरकत नाही. सगळ्या ओळींपुढे एकच नाव येत असेल, तर मुलाला घरी शिकवायचं का हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाला विचारा, तुला हे सगळं झेपणार आहे का.