बॅटरीची गाडी : किती धावणार आणि कशी चार्ज करायची?

गोल्फ कार्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ आणि टोपीवाले साहेब येतात. पण तीच गाडी आज रेल्वेच्या फलाटावर, मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात आणि बंगल्यांच्या सोसायट्यांमध्ये माणसं ने-आण करताना दिसते. तिची तीनचाकी बहीण म्हणजे ई-रिक्षा. दोघींच्या पोटात सामान तेच : बॅटऱ्यांचा संच, कंट्रोलर आणि मोटर. कुपवाडसारख्या गावाला ही गाडी शोभते. रस्ते बरेचसे सपाट, एमआयडीसीतल्या कामगाराला जायचं असतं ते अंतर लहान, आणि वेगाची फारशी घाई नाही.

मोटरबद्दल आपण वर्गात भरपूर शिकतो. बॅटरीबद्दल मात्र पुस्तकात दोन पानं असतात आणि तीही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची! प्रत्यक्षात गाडी किती धावणार आणि संच किती वर्षं टिकणार हे मोटरपेक्षा बॅटरीच ठरवते. म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात घडला आहे. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बी. व्ही. निंबकर यांनी ती १९६८ साली स्थापन केली. आयआयटी कानपूर आणि पुढे फ्लोरिडा विद्यापीठात शिकलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिका सोडून तिथे आले. २००० च्या सुमारास या संस्थेने सायकल-रिक्षावर काम केलं आणि तीन प्रकार बनवले : सुधारलेली पायडलची रिक्षा ‘इम्प्रा’, पायडलला मोटरची मदत देणारी ‘माप्रा’, आणि पूर्ण बॅटरीवर चालणारी ‘एलेक्शा’. त्याबद्दलचा त्यांचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये २००२ साली आला. दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांची गर्दी झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि मोटार वाहन कायद्यात ई-रिक्षाला स्वतंत्र जागा मिळाली २०१५ मध्ये. राजवंशी यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट दरवर्षी त्याच त्या कारखान्यात का जाते आणि फलटणला का जात नाही, हा माझा एक जुना प्रश्न आहे!

आता हिशोबाकडे वळू.

साधारण ई-रिक्षात १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. म्हणजे ४८ व्होल्ट गुणिले १०० बरोबर ४८०० वॅट-अवर, सोप्या भाषेत ४.८ युनिट. दुकानदार याच आकड्यावरून ८० किंवा १०० किलोमीटर सांगतो. गोम इथेच आहे. बॅटरीवर लिहिलेले अँपिअर-अवर हे बहुतेक वेळा २० तासांच्या दराचे असतात. म्हणजे १०० ची बॅटरी ५ अँपिअरने २० तास चालेल, एवढंच त्याचं म्हणणं. गाडी ५ अँपिअरवर चालत नाही. करंट जास्त घेतला की प्लेटच्या आतल्या भागापर्यंत आम्ल पोचायला वेळ मिळत नाही आणि बॅटरी आपल्या अंगातली सगळी वीज देऊ शकत नाही. याला पॉयकर्टचा नियम म्हणतात.

गोल्फ कार्टमध्ये वापरली जाणारी ६ व्होल्टची नेहमीची बॅटरी बघा. तिच्यावर २२५ अँपिअर-अवर लिहिलेलं असतं. तीच बॅटरी २५ अँपिअरने वापरली तर साधारण ४४७ मिनिटं चालते, म्हणजे १८६ अँपिअर-अवर. ७५ अँपिअरने वापरली तर ११५ मिनिटं, म्हणजे १४४ च. बॅटरी तीच, भरलेलीही पूर्ण, पण घाई केल्यामुळे एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा हाती लागला नाही.

आपल्या ई-रिक्षाला हे लावू. गाडी, बॅटऱ्या, ड्रायव्हर आणि चार प्रवासी मिळून ७५० किलो धरा. डांबरी रस्त्यावर चाकांचा रोध वजनाच्या सुमारे दीड टक्का, म्हणजे ११० न्यूटन. ताशी २० किलोमीटरला हवेचा रोध अंदाजे २५ न्यूटन. एकूण १३५. एक किलोमीटर जायला १३५ किलोज्यूल लागतात. मोटर, कंट्रोलर, गिअर यांची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर बॅटरीतून किलोमीटरला ०.०५८ युनिट जातं. करंट येतो २४ अँपिअरच्या आसपास. या दराला १०० ची बॅटरी अंदाजे ७८ देईल, आणि संच टिकवायचा असेल तर त्यातलेही ८० टक्केच वापरायचे. राहिले ६२. गुणिले ४८, म्हणजे ३ युनिट. भागिले ०.०५८ केलं की उत्तर येतं ५० किलोमीटरच्या थोडं वर.

हे न थांबता गेल्यावर. थांबून पुन्हा २० चा वेग घ्यायला सुमारे ११.६ किलोज्यूल लागतात, म्हणजे दर वेळी ८५ मीटर जास्त चालल्यासारखं. किलोमीटरला चार वेळा थांबणारी शेअर रिक्षा घ्या, तिचे ५० चे ३८ होतात. टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक घासत असेल तर अजून खाली. (एवढा सोपा हिशोब कॅटलॉगमध्ये कुणी का छापत नाही, हे मात्र कळत नाही. किंवा कळतं!)

चढ आला की चित्र एकदम बदलतं. २० मीटरला १ मीटर चढ, म्हणजे डोळ्याला फार न जाणवणारा. त्यावर वजनाचाच ३६७ न्यूटनचा जोर मागे ओढतो. १३५ चे झाले ५००. करंट जवळजवळ पावणेचार पट, आणि वर सांगितलेल्या कारणाने बॅटरी देणार त्यापेक्षाही कमी. म्हणून चढावर वेग निम्म्यावर आणणं हाच उपाय. वेग निम्मा केला की करंटही साधारण निम्मा होतो. कुपवाड ते मिरज जाणाऱ्याला हे शिकावं लागत नाही, पण हीच रिक्षा दंडोबाच्या डोंगराकडे वळवली तर पहिल्याच चढाला समजेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात तीव्र आहे तो माथेरानला. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, आणि तिथे मोटारी चालत नाहीत. प्रवासी नेत होते घोडे आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि त्या वर्षी डिसेंबरात सात ई-रिक्षा सुरू झाल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणं ही प्रथा अमानुष ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातमधल्या केवडियाच्या ई-रिक्षांचं उदाहरण दिलं. वर्षानुवर्षं छातीच्या जोरावर रिक्षा ओढलेल्या माणसाच्या हाती आता बॅटरी येणार. त्याची कमाई चढावरच्या करंटवर अवलंबून राहणार. तिथे रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवावेत की लाल माती तशीच ठेवावी यावरही वाद झाला. पर्यावरणाची बाजू महत्त्वाची आहेच, पण आपल्या विषयापुरतं बघा : मोकळ्या मातीत चाकांचा रोध डांबरापेक्षा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. ११० न्यूटनच्या जागी ३०० धरून वरचा हिशोब पुन्हा करा आणि उरलेले किलोमीटर मोजा. रस्त्याचा वाद हा बॅटरीचाही वाद आहे.

आता चार्जिंग. इथे थोडं थांबून वाचा, कारण पैसे वाचतात ते इथे.

कुपवाड एमआयडीसीजवळ बॅटऱ्या दुरुस्त करणारं एक लहान दुकान आहे. तिथे मला एक ई-रिक्षावाले मामा भेटले. संच वर्षभराचाच होता. मामा म्हणाले, “ताई, घेताना म्हणाले ऐंशी जाईल. आता तीस बी जाईना. अन् नवा संच म्हणजे परत कर्ज.” मी विचारलं, रात्री किती वेळ चार्जिंगला लावता? “काटा अठ्ठेचाळीसवर आला की काढतो की. अठ्ठेचाळीसची गाडी, अठ्ठेचाळीस झाले, भरली.”

मामांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण गाडी विकताना त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. ४८ हे त्या संचाचं नाव आहे, पातळी नाही. लेड-ॲसिडची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून, चार्जर काढून काही तास शांत ठेवली की १२.७ व्होल्ट दाखवते. निम्मी असताना १२.२. चार बॅटऱ्यांचे मिळून पूर्ण ५०.८ आणि निम्मे ४८.८. म्हणजे शांत संच ४८ दाखवत असेल तर तो निम्म्याच्याही खाली आहे. चार्जर चालू असताना तर काटा आणखी फसवतो, कारण तेव्हा दिसतो तो चार्जरचा दाब.

दुकानातले काका व्होल्टमीटरवर विश्वास ठेवत नाहीत. ते हायड्रोमीटर घालून प्रत्येक सेलच्या आम्लाचं विशिष्ट गुरुत्व बघतात. (हा शब्द मी दहावीपर्यंत इंग्रजीतच घोकला होता, मराठीत तो जास्त भारदस्त वाटतो.) भरलेल्या सेलमध्ये ते १.२६५ ते १.२८ असतं, निम्म्यावर १.२० च्या आसपास. मामांच्या संचातले दोन सेल बाकीच्यांपेक्षा बरेच खाली होते. ओळीत जोडलेल्या बॅटऱ्यांत सगळ्यात अशक्त सेल जेवढं धावेल तेवढीच गाडी धावते.

असं का होतं? बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट जमतं. लगेच पूर्ण चार्ज केलं तर ते विरघळून पुन्हा कामाला लागतं. अर्धवट ठेवलं तर त्याचे टणक खडे बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. रोज थोडं थोडं अर्धवट राहिलं की वर्षाच्या आत संच म्हातारा.

बरं, पूर्ण चार्ज व्हायला वेळ का लागतो? १५ अँपिअरचा चार्जर सुरुवातीचे साडेतीन-चार तास पूर्ण करंट देतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला १४.४ च्या आसपास दाब आला, की ८० टक्के काम झालेलं असतं. तिथून पुढे बॅटरी करंट घ्यायला कुरकुर करते. करंट कमी कमी होत जातो आणि उरलेल्या २० टक्क्यांना पुन्हा तीन-चार तास लागतात. मामा नेमके हेच तास वाचवत होते. या तासांत अंतर फार वाढत नाही, म्हणून ते फुकट वाटतात, पण सल्फेट शेवटपर्यंत निघतं ते याच वेळात.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतला तास वेगळा. अर्धी उतरलेली बॅटरी दिलेला सगळा करंट गपकन घेते. १५ अँपिअर एक तास म्हणजे पाऊण युनिट आत, त्यातलं ०.६ परत मिळतं. १० किलोमीटर झाले. म्हणून दुपारी मिळेल तेवढं टॉप-अप करावं आणि रात्री मात्र चार्जर स्वतः हिरवा दिवा दाखवेपर्यंत हात लावू नये. दोन्ही हवेत. एकाच्या बदली दुसरं चालत नाही. रात्रभराचं बिल बघाल तर सुमारे ५ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी ४० रुपये. शेवटच्या तासांची वीज वाचवून मामांचे काही पैसे वाचत असतील, पण संच जातो हजारोंचा.

पाण्याचं एक. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो, म्हणून पाणी कमी होतं. घालायचं ते डिस्टिल्डच, नळाचं किंवा बोअरचं नाही. आणि चार्जिंग झाल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलं तर आम्ल बाहेर सांडतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरतं आधी. उन्हाचंही लक्षात ठेवा : तापमान ८-१० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली दुपारी गाडी लावणं म्हणजे दोन वर्षांचा संच एका वर्षात वापरणं.

लिथियमचं काय, असं कोणी विचारेलच. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. वजन लेड-ॲसिडच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत येतं, पाणी नाही, सल्फेट नाही, अर्धवट ठेवलं तरी रुसत नाही, आणि जास्त करंटलाही जवळजवळ पूर्ण क्षमता देतं. माथेरानसारख्या चढाच्या ठिकाणी माझं मत सरळ लिथियमच्या बाजूने आहे. सपाट कुपवाडात, रोज ४० किलोमीटरच्या आत काम असेल आणि नीट चार्ज करण्याची शिस्त असेल, तर लेड-ॲसिडवरही भागतं. फक्त लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग गाडी एकदम बंद पडते. त्यामुळे त्यात व्होल्टचा काटा बघून अंदाज करू नका, टक्केवारी दाखवणारा मीटर हवा. आणि जुन्या लेड-ॲसिडच्या चार्जरने लिथियम कधीही चार्ज करू नये.

शेवटी सोसायटीत किंवा कॅम्पसमध्ये दहा गाड्या घ्यायच्या ठरल्या तर. दहाही गाड्या रात्री आठला एकदम लावल्या की ८-९ किलोवॅटचा भार एका क्षणी बसतो, तोही घरोघरी टीव्ही, पंखे, गीझर चालू असताना. साधा टायमर लावून पाच गाड्या नऊला आणि पाच एकला चालू केल्या, तर पहिल्या पाचांचा करंट तोवर उतरलेला असतो आणि तेवढ्याच मंजूर भारात काम होतं. सकाळी आठपर्यंत सगळ्यांना सात तास मिळतात. ज्या गाड्या जास्त उतरल्या असतील त्या पहिल्या गटात घ्यायच्या. चार्जिंगची खोली तळघरात नको, कारण हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पेटतो. तो हलका असल्यामुळे छताशी जमतो, म्हणून झरोके भिंतीच्या वरच्या कडेला हवेत. आणि भिंतीवर एक वही टांगा, गाडीवार : आजचे किलोमीटर, सकाळचा शांत व्होल्टेज, महिन्यातून एकदा प्रत्येक सेलचं गुरुत्व. कोणता सेल मागे पडतोय ते या वहीत दिसतं, गाडी रस्त्यात थांबायच्या कितीतरी आधी.