घारापुरी बेट आणि दगडी हत्ती

तुम्ही बेट पाहिले आहे काय? तापीला पूर आला की मधली उंच जागा कोरडी राहते आणि चहूकडे पाणी असते. बेट तसेच, पण समुद्रातले. तिथले पाणी पावसाळा संपला तरी ओसरत नाही.

दिवाळीत मी मामांकडे मुंबईला गेलो, तेव्हा आम्ही घारापुरीला गेलो. गेटवेपासून लाँचने एक तास लागतो. मला उलटीसारखे झाले, पण झाली नाही.

माझी आजी म्हणते, लेणी पांडवांनी कोरली. घारापुरीबद्दलही लोक तसेच सांगतात. कोणी म्हणतात बाणासुराने कोरली. पण बाईंनी सांगितले की तिथली शंकराची लेणी साधारण १४०० वर्षांपूर्वी माणसांनीच छिन्नी-हातोड्याने कोरली. तीन तोंडांची मूर्ती तर तीन माणसे एकावर एक उभी राहतील एवढी उंच आहे! कोरणाऱ्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. त्यांच्याही आधी बेटावर बौद्ध लोक होते. त्यांच्या विटांच्या स्तूपाचे अवशेष टेकडीवर आहेत.

त्याहून जुनी माणसे दगडाची हत्यारे वापरत. अशी हत्यारे मुंबईत कांदिवलीला सापडली. आपल्या जळगाव जिल्ह्यातही चाळीसगाव तालुक्यात पाटणे गावी सापडली, आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीसुद्धा! म्हणजे आपल्याकडे तेव्हा शहामृग होते.

आता हत्तीची गोष्ट. बेटाच्या धक्क्याजवळ एक मोठा दगडी हत्ती होता. तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले. उचलताना यारी मोडली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. मग १९१४ साली तुकडे जोडले. आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. मी त्याला हात लावणार होतो, पण मामांनी लावू दिला नाही.

बेटावर आजही तीन गावे आहेत. तिथे कायमची वीज २०१८ साली आली. माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा थोडीच आधी!

मी वर्गात म्हटले, हत्ती बेटावर परत न्यायला पाहिजे, तो त्यांचा आहे. एक मुलगा म्हणाला, नेताना परत फुटला तर? मग बाईंनी हात वर करायला लावले. माझ्या बाजूने नऊ हात आले, त्याच्या बाजूने अकरा.